मुंबईच्या चिकट मातीवर कृत्रिम गवत आणि पाण्याचा निचरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर लागला की आमचे फोन वाजायला लागतात. सोसायटीचे सेक्रेटरी, तळमजल्याच्या फ्लॅटला लागून चार हात मोकळी जागा मिळालेले लोक, गोराई-उत्तनकडे जुनं घर असलेले, बालवाडी चालवणाऱ्या बाई. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "चौरस फुटाला किती पडेल?" त्याचं उत्तर इथे देत नाही, कारण लिहीपर्यंत भाव बदललेला असतो. बाकीचे प्रश्न मात्र वर्षानुवर्षं तेच आहेत, म्हणून एकदाचे लिहून ठेवतोय. गवताबद्दल कमी आणि गवताखालच्या पाण्याबद्दल जास्त लिहिलंय, कारण आजवर ज्या तक्रारी आल्या त्यातल्या बहुतेक पाण्याच्याच होत्या.

गवताच्या पाठीला भोकं असतात ना? मग पाणी साचतंच कसं?

भोकं असतात. पेन्सिल जाईल एवढी, दर काही इंचांवर एक. दुकानदार तुकडा हातात धरून वरून तांब्याभर पाणी ओततो, पाणी क्षणात खाली पडतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण दुकानात ते खाली लादीवर पडतं आणि वाहून जातं. तुमच्या अंगणात ते मातीवर पडणार, आणि ती माती चिकण असेल तर ती ते घेणारच नाही. पूर्ण भिजलेली चिकणमाती तासाला जेमतेम दोन-चार मिलिमीटर पाणी पिते. मुंबईचा पाऊस किती? शहराच्या जुन्या पावसाळी गटारांची आखणी तासाला २५ मिमी पाऊस धरून झाली होती, ती कमी पडते म्हणून ब्रिमस्टोवॅड या गटारं सुधारण्याच्या प्रकल्पात ५० मिमी धरली गेली. तासाला ५० मिमी म्हणजे हजार चौरस फुटांच्या अंगणावर तासाभरात साधारण ४,६०० लिटर पाणी. दोन तास असाच लागून राहिला तर दहा हजार लिटरचा एक टँकर तुमच्या अंगणात रिकामा झाला असं समजा.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे पाणी खाली जिरवायचा विचार सोडायचा, ते बाजूला न्यायचं. चिकणमातीत आठ इंच खणून नुसती खडी भरली तर तुम्ही हौद बांधलात, वरून हिरवा गालिचा टाकलात, एवढंच.

माझी माती चिकण आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

वीतभर खालची माती मूठभर घ्या, थोडं पाणी लावून मळा. गणपतीच्या शाडूसारखी मळली गेली, हातावर वळून पेन्सिलीएवढी वळी झाली आणि ती वाकवल्यावर तुटली नाही, तर चिकणमाती. करकरली आणि फुटली तर मुरमाड किंवा रेताड.

दुसरी परीक्षा खड्ड्याची. फूटभर लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा आणि रात्रभर सोडा. सकाळी पुन्हा भरा, आत एक काठी उभी करून पाण्याच्या पातळीला खूण करा. तासाभराने पाहा. पाणी दोन-तीन इंच उतरलं तर तुमचं नशीब चांगलं. खूण जागच्या जागी राहिली तर हे पान शेवटपर्यंत वाचा.

रंगावरून अंदाज बांधू नका. मुंबई मुळात बेसॉल्ट खडकाची. भांडुप-मुलुंडच्या डोंगराच्या बाजूला आणि आरेकडे खणलं की लवकरच मुरूम लागतो, निचरा बरा असतो. खाडीच्या बाजूला, म्हणजे मुलुंड पूर्व, कांजूर, माहुल, चारकोप, गोराई, इथे खाली राखाडी-काळा खाडीचा गाळ असतो. त्यात कधी शिंपल्यांचे तुकडे सापडतात, आणि वासावरून तर डोळे मिटूनही कळतं. आणि सोसायट्यांच्या आवारात बहुतेक ठिकाणी खरी माती नसतेच. बिल्डरने राबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडा टाकून भरणी केलेली असते, वर दिखाव्याला तांबडी माती. एका जागी पाणी जिरतं आणि तीन फुटांवर तुंबतं. म्हणून खड्डा एकच नको, किमान तीन ठिकाणी खणा.

"मुरूम टाका, रोलर फिरवा, वर डस्ट, झालं काम." आमचा माणूस असं म्हणतो. चालेल का?

मीही असंच म्हणायचो. मग एका पावसाळ्यात अद्दल घडली.

मुलुंड पूर्वेला, खाडीच्या अंगाला, एका बंगल्याचं आठशे चौरस फुटांचं अंगण होतं. मे महिन्यात काम केलं. सहा इंच मुरूम, वर पाणी मारून रोलर, त्यावर इंचभर स्टोन डस्ट (दगडाची पूड), त्यावर गवत. कडेने छान दिसावं म्हणून चारही बाजूंनी सिमेंटची पट्टी ओतली. चार दिवसांत काम संपलं, घरच्या आजोबांनी पेढे दिले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचाच फोन आला, "अहो, तुमचं गवत पोहतंय. येऊन बघा जरा."

गेलो. पाय ठेवला की पचकन आवाज व्हायचा आणि टाचेभोवतीच्या भोकांतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या वर यायच्या. कोपरा उचलला तर खाली मुरूम नव्हताच, तांबडा शिरा होता. पहार सहज फूटभर आत गेली. वास नाल्याचा. झालं असं होतं की मुरूम हा मुळात कुजलेला खडक. रोलरखाली तो भरडला गेला, त्याचं पीठ झालं आणि त्या पिठाने सगळ्या फटी बुजवल्या. वरच्या डस्टचा थर भिजून, वाळून कोब्यासारखा घट्ट झाला होता. त्यातून जे पाणी कसंबसं खाली उतरलं ते चिकणमातीवर अडलं. आणि बाजूने निघून जावं म्हटलं तर तिथे माझीच सुंदर सिमेंटची पट्टी उभी. तो हौद मी स्वतःच्या हाताने बांधला होता. नवरात्रात सगळं उचलून स्वतःच्या खर्चाने पुन्हा केलं. गवत तेवढं धुऊन वापरता आलं.

रस्त्याच्या कामात, वाहनतळाखाली मुरूम उत्तम, कारण तिथे पाणी वरून आत येऊ द्यायचं नसतं. आपल्याला नेमकं उलट हवं असतं.

मग खाली नेमकं काय काय आणि कोणत्या क्रमाने घालायचं?

खणायच्या आधी पाणी बाहेर कुठे जाणार ते ठरवा. ते ठरल्याशिवाय कुदळ मारू नका. अंगणाच्या ज्या बाजूला पावसाळी गटाराचं चेंबर आहे, त्या बाजूला सगळा ढाळ.

मग साधारण आठ इंच खोदाई. हजार चौरस फुटांना आठ इंच म्हणजे जागेवरची पावणेसात ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती, पण चिकणमाती खणल्यावर फुगते, त्यामुळे उचलायला जवळजवळ नऊ ब्रास धरा. ती नेऊन टाकायचा खर्च लोक हमखास विसरतात. रात्री नाल्याकाठी गुपचूप ओतणाऱ्या टेम्पोवाल्याला ती देऊ नका. दंड होतो ते सोडाच, पण तोच नाला तुंबून पाणी तुमच्याच अंगणात परत येतं.

खणलेल्या मातीचा तळ ढाळात आणायचा, ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि नेमकी हीच सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. लोक ढाळ वरच्या थरात देतात आणि तळ सपाट ठेवतात. पाणी वाहणार आहे तळावरून, तर ढाळ तळालाच हवा. दहा फुटांना दीड ते दोन इंच. डोळ्यांनी नाही, पाणसळ आणि दोरी लावून, किंवा जुन्या गवंड्यांची पाण्याची नळी धरून. तळात एखादी बशीसारखी खोलगट जागा राहिली तर वर कितीही चांगलं काम करा, पाणी तिथेच बसणार. तळ किंचित ओलसर असताना धुमसून, म्हणजे ठोकून घट्ट करून घ्यावा. चिखल असताना धुमसू नये, तो नुसता हलतो, बसत नाही. पूर्ण काळी, भेगा पडणारी माती असेल तर वरच्या थरात थोडा चुना मिसळून धुमसला की तिचं फुगणं-आकसणं बरंच कमी होतं.

त्यावर जिओटेक्स्टाइल. हे पांढरं किंवा काळं, घोंगडीसारखं कापड. न विणलेलं, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचं घ्या. पाणी जाऊ देतं, चिखल वर येऊ देत नाही. दोन पट्ट्या जोडताना फूटभर एकमेकांवर चढवा. प्लास्टिकचा कागद हा त्याला पर्याय नाही. हेही लिहावं लागतं, कारण काळा प्लास्टिक कागद अंथरून "जिओ टाकलं साहेब" म्हणणारे भेटले आहेत.

त्यावर पाच इंच खडी, २० आणि ४० एमएमची, चुरी नसलेली, शक्यतो धुतलेली. दोन थरांत टाकून प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे खडी दाबून बसवायचं मशीन. हजार फुटांना सव्वाचार ब्रासच्या आसपास लागते, दबून बसते म्हणून पाच मागवा. ट्रक आला की उतरवायच्या आधी वर चढून एक घमेलं खडी बादलीत धुऊन बघा. पाणी चहासारखं गढूळ झालं तर गाडी परत. मुकादम तोंड वाकडं करतो, करू दे.

शेवटी इंचभर ६ एमएमची कपची (बारीक खडी), म्हणजे गवताला सपाट बैठक मिळते. इथे डस्ट नको, कारण वर सांगितलं तेच. कपची खडीच्या फटींत थोडी उतरते, म्हणून थोडी जादा ठेवा आणि लाकडी पट्टीने ओढून घ्या.

पाइप लागतोच का? किती मोठा?

चिकणमातीत लागतोच. तळाच्या सगळ्यात खालच्या कडेला नऊ इंच रुंद आणि फूटभर खोल चर, त्यात आधी जिओटेक्स्टाइल, मग थोडी २० एमएम खडी, मग ११० मिमीचा भोकांचा पाइप. चर खडीने भरून कापड वरून मिटायचं, सुरळीच्या पाटोळ्यासारखं. भोकं खालच्या बाजूला. लोकांना हे उलटं वाटतं, पण पाणी चरात खालून चढतं आणि भोकापर्यंत आलं की पाइपात शिरून निघून जातं. भोकं वर ठेवली तर अर्धा चर भरेपर्यंत पाइप कोरडाच. अंगण वीस फुटांहून रुंद असेल तर मधून आणखी एक चर काढा.

पाइपाच्या वरच्या टोकाला एक उभा तुकडा जोडून, झाकण लावून तो जमिनीपर्यंत आणा. दोन वर्षांनी गाळ बसला की तिथून पाण्याचा फवारा मारून साफ करता येतो. हा तुकडा लावायला फार खर्च येत नाही, पण दहा कामांपैकी नऊ ठिकाणी मला तो दिसत नाही.

कडेला कर्बचे दगड किंवा सिमेंटची पट्टी करायची असेल तर खालच्या बाजूला तळाच्या पातळीवर दर तीन-चार फुटांवर पाणी जायला छिद्रं ठेवा. माझी मुलुंडची चूक करू नका.

पाइप कुठे जोडायचा? आवारात दोन-तीन प्रकारची चेंबरं आहेत.

पावसाळी पाण्याच्या चेंबरला. मैलापाण्याच्या चेंबरला कधीच नाही. ते नियमात बसत नाही, आणि मैल्याची लाइन तुंबली की घाण तुमच्या गवताखाली चढते. कोणतं चेंबर कशाचं हे कळत नसेल तर वरच्या मजल्यावरच्या कुणाला तरी संडासात बादलीभर पाणी टाकायला सांगा आणि झाकण उघडून बघा.

मुंबईची आणखी एक गंमत म्हणजे भरती. शहरातल्या बऱ्याच पावसाळी गटारांची समुद्राकडची तोंडं मोठ्या भरतीला पाण्याखाली जातात. म्हणून तर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी महापालिकेला पाणी उपसणारी केंद्रं बांधावी लागली. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की गटारातलं पाणी मागे सरकतं, आणि तुमच्या पाइपाचं तोंड चेंबरच्या तळाशी असेल तर ते थेट तुमच्या खडीत शिरतं. म्हणून पाइप चेंबरच्या तळापासून शक्य तितका वर सोडा आणि तोंडाला एकतर्फी झडप लावा. झडपेत पानं अडकतात, म्हणून ती हात पोचेल अशा जागी हवी.

गटार अंगणापेक्षा उंच आहे. मग?

रस्ता दरवर्षी थर चढवून उंच केला जातो आणि घर खड्ड्यात जातं, हे गावठाणातल्या लोकांना सांगायला नको. अशा जागी सगळ्यात खालच्या कोपऱ्यात तीन-साडेतीन फूट खोल चेंबर बांधून त्यात आपोआप चालू होणारा छोटा सबमर्सिबल पंप ठेवावा लागतो. पण नेमकी वीज जाते तीही मुसळधार पावसातच, हे लक्षात ठेवा. शोषखड्डा खणून त्यात पाणी सोडा, असं कुणी सुचवलं तर त्याला तुमच्या परीक्षेच्या खड्ड्यातली काठी दाखवा.

पंपही नको आणि गटारही नाही, असं असेल तर मी काम घेत नाही. तिथे कुंड्या ठेवा, छान दिसतात.

आमच्याकडे आधीच कोबा आहे. तो फोडायचा का?

मुळीच नको! ढाळ बरोबर असेल तर निम्मं काम झालंय. बादलीभर पाणी ओता, कुठे थांबतं बघा, ते खळगे पॉलिमरच्या गिलाव्याने भरा. त्यावर ड्रेनेज सेल, म्हणजे उभ्या खांबांच्या प्लास्टिकच्या जाळ्या, आणि त्यावर गवत. खालून पाणी मोकळं वाहतं. गच्चीवर असंच करतात, फक्त तिथे आधी वॉटरप्रूफिंगची खात्री करून घ्या, नाहीतर खालच्या मजल्यावरचे काका गवतासकट तुम्हाला खाली बोलावतील.

काम कधी करावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. माती मऊ असते, चिखल नसतो. एप्रिल-मेमध्ये काळी माती दगड होते, भेगाळते. ढाळ तेव्हा नीट बसतो असं वाटतं, पण पहिल्या पावसात माती फुगून तो बिघडतो. जून ते सप्टेंबर खोदाई नाहीच. "मृगाच्या आधी उरकून टाकू" म्हणून मे अखेरीस घाईत घेतलेली कामं माझ्या हातून एकदाही धड झालेली नाहीत.

गवत कोणतं घ्यावं? किती मिमी?

बसण्या-फिरण्यासाठी २५ ते ३५ मिमी पुरे. ५० मिमी दिसायला भरगच्च, पण मुंबईच्या दमट हवेत ते आतून लवकर वाळत नाही आणि बुडाशी शेवाळ धरतं. मुलं चेंडू खेळणार असतील तर दाटी बघा, उंची नाही. तुकडा उलटा करा, टाक्यांच्या ओळी किती जवळ आहेत ते पाहा, आणि दोन बोटांत चार पाती धरून जोरात ओढा. हातात आली तर तो तुकडा तिथेच ठेवा.

पातं पॉलिइथिलीनचं असेल तर मऊ, पॉलिप्रॉपिलीनचं राठ आणि स्वस्त. उन्हात राहणार असल्यामुळे अतिनील किरणांसाठीची हमी लेखी मागा. पॅकेटवरचा "मिनिटाला इतके लिटर निचरा" हा आकडा मात्र मनावर घेऊ नका. तो गवताच्या पाठीचा असतो, तुमच्या जमिनीचा नसतो.

जोड दिसतात. असं का होतं?

दोन पट्ट्यांची पाती वेगवेगळ्या दिशेला झुकलेली असतात म्हणून. सगळे रोल एकाच दिशेने उलगडायचे, पाती बघणाऱ्याच्या बाजूला झुकतील असे. गवत आदल्या दिवशी उन्हात पसरून ठेवलं की सुरकुत्या जातात. कापायचं पाठीकडून, टाक्यांच्या दोन ओळींमधून. कडेच्या दोन-तीन ओळी काढून टाकायच्या. जोडातली फट टाक्यांच्या दोन ओळींतल्या अंतराएवढीच ठेवायची, त्याहून कमी केली तर तिथे शेंडीसारखा उंचवटा येतो. खाली जोडपट्टी आणि पॉलियुरेथेनचा गोंद. जोड ढाळाच्या दिशेने ठेवावा, आडवा नको. गोंद ओला असताना सर आली तर तो जोड पुन्हा करायचा, पर्याय नाही.

वर वाळू टाकतात ती कशाला? रबराचे दाणे टाकू का?

वाळूमुळे गवत जड राहतं, पाती उभी राहतात. सिलिका वाळू, पूर्ण कोरडी, चौरस फुटाला अर्धा ते एक किलो, ब्रशने आत बसवायची. समुद्राची वाळू नको, खारटपणामुळे खिळेही गंजतात. जुन्या टायरचे रबरी दाणे फुटबॉलच्या मैदानावर वापरतात. घराच्या अंगणात मी टाकत नाही. पहिल्या मोठ्या पावसात ते तरंगतात, जाळीवर जाऊन बसतात आणि इतका खर्च करून काढलेली पाण्याची वाट बुजवतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यात हे दाणेही आले. मैदानांना त्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली आहे.

फार तापतं का?

तापतं. भर उन्हात पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो, अनवाणी पाय ठेवता येत नाही. पाणी मारलं की गार होतं, पण अर्ध्या तासात पुन्हा तसंच. एप्रिल-मेमध्ये दुपारी लहान मुलांना त्यावर सोडू नका. बालवाडी असेल तर शेडनेट लावाच. समोरच्या इमारतीला काचेचा दर्शनी भाग असेल तर एकदा दुपारी तिथे उभे राहून परावर्तित ऊन कुठे पडतं ते बघा. त्या पट्ट्यात गवत वितळलेलं पाहिलं आहे.

डास आणि घुशी?

निचरा बरोबर असेल तर डासांची भीती नाही. पाणी आठवडाभर साचून राहिलं तरच डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून डासापर्यंतचं चक्र पूर्ण होतं. चेंबर आणि पंपाचा खड्डा यांना मात्र बारीक जाळी हवी.

घुशींचा त्रास खरा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. घूस कडेने शिरते, खडीखालची माती उकरते आणि एक दिवस अंगणात घमेल्याएवढा खळगा पडतो. कडेच्या चरात फूटभर खोल लोखंडी जाळी उभी पुरा, आणि पाइपाच्या प्रत्येक उघड्या तोंडाला जाळी लावा. कुत्रा-मांजर असेल तर आठवड्याला दोनदा भरपूर पाण्याने धुवा. वास गवताला नाही, खालच्या वाळूला लागतो.

अंगणात आंब्याचं झाड आहे.

बुंध्याभोवती किमान मीटरभर माती उघडी ठेवा आणि मुळं तोडू नका. तिथे खणताना मशीन नको, हाताने. झाड आड येतंय म्हणून काढायचा विचार असेल तर परवानगीशिवाय झाड तोडणं हा महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष कायद्याने गुन्हा आहे.

खणण्याआधी आणखी काय तपासावं?

गॅसची पिवळी पाइप, पाण्याची लाइन, विजेची केबल कुठून गेली आहे ते. जमिनीखालच्या टाकीचं झाकण आणि चेंबरची झाकणं गवताखाली गाडू नका, त्यांच्या मापाचा तुकडा वेगळा कापून वर चिकटवा. गवताची पातळी घराच्या जोत्यापेक्षा सहा इंच तरी खाली हवी, नाहीतर भिंतीला ओल चढते. सोसायटीचं आवार असेल तर आधी सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्या, आणि ती जागा मंजूर नकाशात आरजी (मनोरंजनासाठी मोकळी राखलेली जागा) असेल तर वास्तुविशारदालाही विचारा.

दिवाळी, गणपती, सत्यनारायण यांचं काय?

फुलबाजीची एक ठिणगी आणि गवतावर काळा ठिपका. भुईचक्र तर विचारूच नका, फटाके फरशीवर उडवा. मांडववाल्याला आधीच सांगून ठेवा, त्याची पहार एका फटक्यात गवत, कापड आणि कधी पाइपही भोसकते. बांबू ड्रममध्ये रोवून उभे करता येतात. दूर्वा मात्र बाजारातून आणाव्या लागतील.

खरं सांगा, खरं गवत लावू का हे?

माझा धंदा याचा असूनही सांगतो: तुमच्या अंगणात रोज पाच-सहा तास ऊन येत असेल आणि माळी परवडत असेल तर खरं लॉन लावा. ते गार राहतं, गांडुळं येतात, पक्षी येतात. कृत्रिम गवत शेवटी प्लास्टिक आहे आणि काही वर्षांनी ते उचलून टाकताना कुठे टाकायचं हा प्रश्न उरतोच. पण दोन टॉवरच्या मधल्या सावलीत, जिथे लॉन तिसऱ्या महिन्यात टक्कल पडल्यासारखं होतं आणि पावसाळाभर चिखल घरात येतो, तिथे ह्याला पर्याय कमी आहेत.

काम बरोबर झालं की नाही, गवत घालण्याआधी कसं बघायचं?

कपचीचा थर झाल्यावर कंत्राटदाराला थांबवा. २०० लिटरचा ड्रम भरा आणि अंगणाच्या सगळ्यात उंच कोपऱ्यात एकदम ओता. मग चेंबरपाशी जाऊन पाइपाच्या तोंडाखाली हात धरून बसा. खडी-कापड आधी थोडं पाणी धरून ठेवतं, म्हणून पहिला ड्रम धरू नका, दुसरा ओता. दुसऱ्यालाही पाच-दहा मिनिटांत हातावर धार लागली नाही, तर पाणी मध्ये कुठेतरी बसलंय. ते शोधल्याशिवाय गवताचा रोल उघडू देऊ नका. शेवटचा हप्ताही ह्या ड्रमनंतरच द्यायचा, असं करारातच लिहून घ्या.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. तसल्या पावसासाठी कुणी अंगण बांधत नाही आणि बांधतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुराचं पाणी गवतावर चढलंच तर उतरल्यावर गाळ वाळू देऊ नका, ओला असतानाच पाण्याने हटवा. आणि हे अनवाणी करू नका. त्या पाण्यात उंदीर-घुशींचं मूत्र असतं, लेप्टो त्यातूनच होतो.

आमच्याकडे आधीच घातलंय आणि पाणी साचतं. सगळं उचलावं लागेल?

नेहमी नाही. पाऊस थांबल्यावर तासाभराने फिरा आणि जिथे पचपच होतं तिथे खडूने गोल करा. एकाच जागी असेल तर तेवढा भाग उलगडून खालचा खळगा कपचीने भरता येतो. सगळी खालची कड ओली असेल तर आधी कडेची पट्टी दोन-तीन ठिकाणी फोडून बघा. अनेकदा साचलेलं सगळं पाणी तिथून धो धो बाहेर येतं. मग त्या कडेला फक्त पाइपाचा चर काढला की भागतं. पूर्ण अंगण शिऱ्यासारखं हलत असेल तर मात्र उचलणं आलं. घाई करू नका, नवरात्रापर्यंत थांबा. तोवर गवताची खालची कड दोन फूट उलटी दुमडून, वर विटा ठेवून द्या, म्हणजे निदान हवा लागेल आणि वास येणार नाही.